माफीचा साक्षीदार

चळवळींचे इतिहास आपल्याकडे बहुधा वीरांच्या नांवांनीं लिहिले जातात. कोणीं शपथ घेतली, कोणीं शस्त्र उचललें, कोण फांसावर चढला, एवढें सांगून झालें म्हणजे ग्रंथकारास आपलें कर्तव्य संपल्यासारखें वाटतें. परंतु अशा बहुतेक कथांत आणखी एक इसम असतो, व त्याच्यापाशीं आल्यावर लेखक घाई करितो. हा इसम कालपर्यंत मंडळींतलाच किंवा मंडळींच्या जवळचा असतो; आज तो सरकारच्या बाजूस उभा राहून बोलूं लागतो. लोक त्यास फितूर म्हणतात, पोलिसांच्या दप्तरांत तो खबऱ्या असतो, आणि न्यायालयांत उभा राहिला तर त्यास माफीचा साक्षीदार अशी अदबशीर पदवी मिळते. कायद्याच्या दृष्टीनें या तिहींत भेद आहेत हें आम्ही जाणतों; पण तिघांचाही उगम एकाच ठिकाणीं आहे, आणि तें ठिकाण म्हणजे चळवळीचें स्वतःचें घर. या माणसाचा धिक्कार पुष्कळांनीं केला आहे व तो योग्यच आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. आमच्या गुप्त चळवळींचा बराचसा इतिहास ज्याच्या जबानीवर उभा आहे, त्याच्या शब्दाचें मोल इतिहासानें किती धरावें?

प्रथम पुण्याचें उदाहरण घेऊं. १८९७ सालीं प्लेगच्या बंदोबस्तासाठीं गोऱ्या सोल्जरांकडून घरांची झडती चालली होती, व त्या व्यवस्थेचा मुख्य अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड हा लोकांच्या संतापाचा विषय झाला होता. २२ जून रोजीं, राणीच्या हीरक महोत्सवाच्या रात्रीं, गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्यास गोळी घालण्यांत आली. लेफ्टनंट आयर्स्ट जागींच ठार झाला, व रँड ३ जुलै रोजीं मरण पावला. त्यानंतरचे तीन महिने नीट पाहण्यासारखे आहेत. गुन्हेगार कोण हें सरकारास ठाऊक नव्हतें. म्हणून सर्व शहरच गुन्हेगार ठरलें. पुणेकरांच्या खर्चानें जादा पोलीस बसविण्यांत आले. नातू बंधूंस १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनचा आधार काढून चौकशीवांचून अटकेंत ठेवण्यांत आलें. टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन सप्टेंबरांत त्यांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सरकारच्या डोळ्यांपुढें एक मोठा कट दिसत होता, पण त्या कटांतला एकही माणूस त्यास दाखवितां येत नव्हता. ज्या सत्तेस नेमकें दिसत नाहीं ती सत्ता सरसकट प्रहार करिते, हा राज्यकारभाराचा जुना नियम आहे.

अशा वेळीं २०,००० रुपयांचें बक्षीस जाहीर झालें, आणि येरवड्याच्या तुरुंगांतून एक आवाज आला. गणेश शंकर द्रविड हा बनावट दस्तऐवजाच्या प्रकरणीं तेथें शिक्षा भोगीत होता. चाफेकर बंधूंची त्याची ओळख होती. मुंबईहून तपासासाठीं आलेल्या ब्रुइन या पोलीस अधिकाऱ्यास त्यानें दामोदर व बाळकृष्ण चाफेकरांचीं नांवें सांगितलीं. दामोदर पकडला गेला, ऑक्टोबरांत त्यानें कबुलीजबाब दिला, आणि १८ एप्रिल १८९८ रोजीं येरवड्यास तो फांसावर चढला. गणेशास शिक्षेंतून सूट मिळाली, व तो आणि त्याचा भाऊ रामचंद्र यांच्या पदरांत बक्षिसाची अर्धी रक्कम पडली असें सांगतात. पुढें ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्रीं धाकटा भाऊ वासुदेव चाफेकर व महादेव विनायक रानडे यांनीं, ब्रुइनसाहेबांचें बोलावणें आहे असा निरोप देऊन, द्रविड बंधूंस सदाशिव पेठेंतल्या घरांतून बाहेर काढिलें व त्यांजवर गोळ्या झाडिल्या. दोघेही प्राणांस मुकले. ज्या साहेबाच्या कानांत बातमी घातली त्याच साहेबाच्या नांवानें मरणाचें बोलावणें आलें. मे महिन्यांत वासुदेव, रानडे व बाळकृष्ण असे तिघे पांच दिवसांच्या आंत फांसावर गेले. खंडो साठे नांवाच्या एका कोंवळ्या मुलास दहा वर्षांची सक्तमजुरी झाली.

या कथेंत द्रविड हा लोभी व दुष्ट, एवढ्यावर आपण थांबतों. पण तो तुरुंगांत होता ही गोष्ट आम्हांस लोभाइतकीच महत्त्वाची वाटते. खबऱ्या बहुधा आकाशांतून पडत नाहीं. सरकार परका माणूस चळवळींत धाडूं शकतें, पण परक्याचा शिरकाव कठीण, आणि विश्वास मिळण्यास वर्षें लागतात. त्यापेक्षां आंतल्या माणसाच्या मानेवर आधीं एखादें जूं ठेवावें आणि मग तें उतरविण्याची किंमत सांगावी, हें सोपें. जूं कर्जाचें असेल, शिक्षेचें असेल, पोराबाळांच्या काळजीचें असेल किंवा नुसत्या भीतीचें असेल. बक्षिसाचा आंकडा जाहीरनाम्यांत छापतात. हें जूं मात्र कोठेंही छापलें जात नाहीं.

आणखी एक गोष्ट येथें ध्यानांत घेतली पाहिजे. ज्या मोठ्या कटाच्या भीतीनें टिळक तुरुंगांत गेले व नातू अटकेंत पडले, तो कट द्रविडाच्या बातमीनंतर एका घरांतल्या भावांपुरता व त्यांच्या थोड्या सोबत्यांपुरता उरला. द्रविडानें चाफेकरांचा घात केला यांत शंका नाहीं. पण पुण्यावरचा संशय किती निराधार होता हेंही त्याच्याच बातमीनें उघड केलें. त्यानें तें पुण्यासाठीं केलें नव्हतें. इतिहासांत परिणाम हा हेतूची आज्ञा पाळतोच असें नाहीं.

दुसरें उदाहरण नाशिकचें. २१ डिसेंबर १९०९ रोजीं विजयानंद नाट्यगृहांत ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगीं कलेक्टर जॅक्सन यांस अनंत लक्ष्मण कान्हेरे यानें गोळी घालून ठार केलें. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांस १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आली. आम्ही जेथें बसून हे लिहीत आहों त्या सीवूड्सपासून ठाण्याचा तो तुरुंग दूर नाहीं. एकाच खाडीच्या कांठचीं हीं दोन गांवें. पण त्या खाडीकांठीं संपलेल्या प्रकरणाचें मूळ लंडनमध्यें होतें. जॅक्सनवर झाडलेलें ब्राउनिंग पिस्तूल तेथून आलेल्या वीस पिस्तुलांपैकीं एक होतें, आणि तीं पिस्तुलें एका पेटीच्या चोरकप्प्यांत घालून मुंबईस आणणारा इसम म्हणजे इंडिया हाउसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन. हा चतुर्भुज पुढें माफीचा साक्षीदार झाला. विनायक दामोदर सावरकर व इतर मिळून ३८ आरोपींवर मुंबईस जो खटला चालला, तो तीन न्यायाधीशांच्या खास न्यायमंडळापुढें चालला; ज्यूरी नव्हती व अपिलाचीही सोय नव्हती. त्यांत पिस्तुलांची वाट सांगणाऱ्या चतुर्भुजाच्या साक्षीस मोठें महत्त्व आलें, व डिसेंबर १९१० मध्यें सावरकरांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

द्रविडाचें नांव महाराष्ट्रांत शिवीसारखें राहिलें. चतुर्भुजाचें नांव बहुतेकांस ठाऊकही नाहीं. हा भेद विचार करण्यासारखा आहे. इंडिया हाउसमध्यें व्याख्यानें होत, मॅझिनीचीं चरित्रें वाचलीं जात, क्रांतीच्या योजना होत. स्वयंपाकी त्या सर्वांस जेवूं घाली. जोखमीची पेटी मात्र त्याच्याच हातीं आली. गुप्त मंडळींची रचना अशी असते कीं मान वर राहतो व जोखीम खालीं उतरते. ज्यास ध्येयाच्या गोष्टींत बरोबरीचा वांटा मिळाला नाहीं, त्यानें संकटाच्या वेळीं मात्र बरोबरीनें छाती पुढें करावी, ही अपेक्षा पुढारी सहज करितात. चतुर्भुजाच्या मनांत काय होतें हें सांगण्याचा आमचा दावा नाहीं व त्याचें समर्थनही आम्ही करीत नाहीं. फितुरीचें एक कारण चळवळीच्या आंतल्या पायऱ्यांतही शोधावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

परंतु परिस्थिति सर्व कांहीं ठरविते असें कोणी यावरून म्हणूं लागल्यास त्यास १९४२ चें उत्तर आहे. त्या वर्षीं ऑगस्टच्या अखेरीस मुंबईंत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला. उषा मेहता, बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी ही तरुण मंडळी पोलिसांस चुकवीत या घरांतून त्या घरांत यंत्र हालवीत. यंत्र जमविणारा नरिमन प्रिंटर हा तंत्रज्ञ पोलिसांच्या हातीं लागला व त्यानेंच त्यांस वाट दाखविली. १२ नोव्हेंबर रोजीं गिरगांवांतल्या शेवटच्या ठिकाणीं पोलीस दारें फोडून आंत शिरले. पुढें कित्येक महिने उषा मेहतांची चौकशी चालली. सहकाऱ्यांचीं नांवें सांगितल्यास परदेशीं शिक्षणाची सोय करण्याचें आमिषही त्यांस दाखविण्यांत आलें. त्यांनीं तोंड उघडलें नाहीं. त्यांस चार वर्षांची व बाबूभाईंस पांच वर्षांची शिक्षा झाली. एकाच यंत्राभोंवतीं बसलेल्या माणसांपैकीं एक बोलला व एकीनें मौन धरिलें. जूं मानेवर ठेवणारें सरकार एकच होतें. मान झुकविणें वा न झुकविणें हें ज्याचें त्याचें होतें. परिस्थितीनें फितुरीचा अर्थ लागतो, तिची जबाबदारी मात्र फिटत नाहीं.

चळवळीनें अशा माणसाशीं कसें वागावें याचीं उत्तरें निरनिराळीं दिलीं गेलीं. पुण्यास पिस्तूल चाललें. १९४३ पासून सातारच्या प्रतिसरकारानें दरवडेखोर, गुंड व सरकारी खबरे यांस तळपायांवर मारण्याची शिक्षा दिली, व त्यावरून लोकांनीं त्यास पत्रीसरकार हें नांव दिलें. जीव न घेतां दहशत बसवावी हा त्यांतला विवेक होता. परंतु दोन्ही उपायांत एक धोका समान आहे. खबऱ्याचा शोध घेतांना चळवळ स्वतःच पोलिसासारखी होऊं लागते. कोण कोणास भेटला, कोणाच्या घरीं अकस्मात् पैसा आला, कोण लवकर सुटला, याच्या नोंदी मनांत होऊं लागल्या म्हणजे सोबती व संशयित यांतली रेघ पुसट होते. एक फितूर चारदोन माणसें पकडून देतो. फितुराची भीति मात्र साऱ्या मंडळीस एकमेकांपासून तोडते, व त्यासाठीं सरकारास एक रुपयाही खर्च करावा लागत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. या माणसाच्या शब्दावर विश्वास किती ठेवावा, याचा विचार इतिहासकारांच्या आधीं कायद्यानें केला आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत दोन वचनें होतीं व तीं एकमेकांकडे पाठ करून उभीं होतीं. १३३ व्या कलमाप्रमाणें गुन्ह्यांतील साथीदाराच्या केवळ साक्षीवर झालेली शिक्षा तेवढ्याच कारणानें बेकायदा ठरत नसे. आणि ११४ व्या कलमाच्या उदाहरणांत म्हटलें होतें कीं महत्त्वाच्या बाबतींत दुसरीकडून पुष्टि मिळाल्यावांचून साथीदार विश्वासास पात्र नाहीं असें न्यायालयास धरितां येईल. न्यायाधीशांनीं व्यवहारांत दुसऱ्या वचनास मान दिला. याचें एक विलक्षण उदाहरण गांधीहत्येच्या खटल्यांत आहे. त्यांत पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला. न्यायाधीश आत्माचरण यांनीं त्याची साक्ष विश्वसनीय मानिली. तथापि सावरकरांविरुद्ध तिला स्वतंत्र पुष्टि नाहीं म्हणून १० फेब्रुवारी १९४९ रोजीं त्यांस दोषमुक्त केलें. १९१० मध्यें ज्या माणसाविरुद्ध माफीच्या साक्षीदाराचा शब्द फळास आला, त्याच माणसाच्या बाबतींत सुमारें ३८ वर्षांनीं तसाच शब्द अपुरा ठरला. दोन्ही खटल्यांच्या गुणदोषांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. नियमाचें वजन मात्र यावरून कळतें. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या १३८ व्या कलमांत तर शब्दच बदलले आहेत: शिक्षा बेकायदा नसते ती पुष्टि मिळालेल्या साक्षीवर आधारलेली असल्यास.

न्यायाधीश जी सावधगिरी बाळगितो ती आमचे इतिहासलेखक बाळगितात काय? गुप्त मंडळी दप्तर ठेवीत नसत. कागद जाळणें हाच त्यांचा धर्म. त्यामुळें त्यांच्याविषयीं जें लिहिलेलें उरलें तें बहुतांशीं पोलिसांनीं जपलें. दामोदर चाफेकरानें तुरुंगांत लिहिलेलें आत्मवृत्तसुद्धां सरकारी दप्तरांतूनच वांचलें व १९७४ सालीं पुस्तकरूपानें वाचकांपुढें आलें. मग आपण जबान्या व साक्षी वाचतों, त्यांतून शपथविधि, पत्ते व पिस्तुलांच्या वाटा जुळवितों, आणि त्या चित्रास निःशंकपणें चळवळीचा इतिहास म्हणतों. माफी मिळविणाऱ्यास आपल्या शब्दाची किंमत वाढवावयाची असते. म्हणून त्याच्या तोंडीं कट मोठा होतो, बैठकी नियमित होतात, वाटेंतलें सहज बोलणें मसलत ठरतें, आणि त्याचा स्वतःचा वांटा तेवढा आंखडतो. सरकारास जें ऐकावयाचें होतें तेंच आपण वीरगाथा म्हणून अभिमानानें पुन्हां सांगत नाहीं ना, हें पाहिलें पाहिजे. एकाच जबानीवरून पोलिसानें आरोपपत्र लिहावें व आपण पोवाडा रचावा, आणि दोघांनींही ती तपासून पाहूं नये, हा प्रकार इतिहासास शोभणारा नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं मग हे कागद टाकून द्यावे काय? मुळींच नाहीं. त्यांवांचून कित्येक माणसांचीं नांवेंही आपणांस कळलीं नसतीं. त्यांची पुष्टि मात्र शोधावी: पत्रांत, आठवणींत, त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांत, विरुद्ध पक्षाच्या उलटतपासणींत. जेथें ती मिळत नाहीं तेथें ‘साक्षीदार असें म्हणतो’ एवढेंच लिहून लेखणी थांबवावी. आणि साक्षीदारास ती साक्ष कशाच्या बदल्यांत द्यावी लागली, त्याच्या मानेवर जूं कोणतें होतें, हेंही त्याच पानावर नोंदवावें. सरकारनें त्याची जबानी घेतांना हा सौदा आपल्या सोयीपुरता ध्यानीं धरिला. लोकांनीं त्यास शिवी देतांना तो पाहिलाच नाहीं. तो पुरा लिहून ठेवणें हें काम इतिहासकारावांचून दुसरें कोणी करणार नाहीं.