अनुदान-प्रस्ताव आणि विद्यापीठाची पूर्वसंमती

पुणतांब्यास गोदातीरी चांगदेवांची समाधी आहे. तेथील परंपरेचा भाषिक अभ्यास अभ्यासक एकट्यानेही आरंभू शकतो. परंतु त्यासाठी सार्वजनिक अनुदान मागताच प्रश्न संस्थेचा होतो. याचे मूळ इतिहासात आहे. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. विद्यापीठ अनुदान आयोग १९५३ मध्ये अस्तित्वात आला. १९५६ च्या कायद्याने त्यास वैधानिक रूप मिळाले आणि अनुदानाचा स्वीकर्ता म्हणून विद्यापीठच मानले गेले. म्हणून हिशेब, उपकरणे व अध्यापकाचा वेळ यांचे उत्तरदायित्व विद्यापीठ आपल्या स्वाक्षरीने पत्करते. तथापि ही संमती विषयावरील निवाडा बनली, किंवा मुदत उलटल्यावर मिळाली, तर संशोधनच खुंटते. ती उत्तरदायित्वापुरती आणि वेळेवर असावी, हेच इष्ट होय.