डालड्याचा डबा आणि उडालेल्या टोप्या

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांबद्दल लिहिताना शिकारीचा विषय निघाला, की तो वाघाच्या लांबीवर आणि शिवपुरीच्या जंगलावर जाऊन थांबतो. भिंतीवरची सांबराची शिंगं, महाराजांबरोबरचा पिवळा पडलेला फोटो, झालं. पण बार उडाल्यावर रिकामं काडतूस घरी परत यायचं, ते पुन्हा भरलं जायचं, आणि त्या भानगडीत घरभर काय काय सांडायचं, हे कुणी लिहीत नाही. म्हणून आज टोप्यांबद्दल. पोस्ट लांबली आहे, सांभाळून घ्या.

टोपी म्हणजे काडतुसाच्या बुडाशी मधोमध बसवलेली तांब्याची किंवा पितळेची एवढीशी वाटी, हरभऱ्याच्या डाळीएवढी. घोडा पडला की तिच्यावर ठोका बसतो, आतला मसाला पेटतो आणि त्याच्या ठिणगीनं दारू. इंग्रजीत प्राइमर, आमच्याकडे कुणी टोपी म्हणे, कुणी केप.

हिचा जन्म शिकारीतूनच झाला. अलेक्झांडर फोर्सिथ नावाचा स्कॉटलंडमधला एक पाद्री. त्याला पाणपक्षी मारायचा नाद. चकमकीच्या बंदुकीत आधी कानात दारू भडकायची आणि मग बार निघायचा. तेवढ्यात पक्षी सावध होऊन बुडी मारत. ठोक्यानं पेटणारा मसाला वापरून त्यानं १८०७ साली पेटंट घेतलं. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत तो मसाला तांब्याच्या टोपीत बसला, आणि ठासणीच्या, म्हणजे आपल्या इकडच्या भाषेत भरमार बंदुकीला 'टोपीदार' हे नाव मिळालं. तोड्याची, चकमकीची आणि टोपीदार अशा तिन्ही बंदुका लष्करातल्या काही घरांत मी एकाच खोलीत पाहिल्या आहेत. (बाहेरच्या मंडळींसाठी: लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचा भाग. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१०च्या सुमारास इथं पडली, तीच पुढे गाव झाली. माणसं छावणीतली, तेव्हा घरात बंदूक असणं यात नवल नाही.)

मग आलं पितळी काडतूस, टोपी त्याच्या बुडातच बसवलेली. गंमत बघा, १८६६ या एकाच वर्षी दोन माणसांनी दोन तऱ्हा काढल्या. अमेरिकेचा हायरम बर्डन आणि इंग्लंडच्या वूलिच इथल्या शस्त्रशाळेतला एडवर्ड बॉक्सर. बॉक्सरच्या काडतुसात टोपीमागे मधोमध एकच भोक. आतून सळई घालून ठोकली की जुनी टोपी खाली पडते. बर्डनच्या काडतुसात मधोमध उंचवटा आणि बाजूला दोन बारीक भोकं. सळई जातच नाही. ती टोपी बाहेरून आकड्यानं उचकटावी लागते, नाहीतर काडतुसात पाणी भरून वरून दट्ट्या हाणायचा, पाण्याच्या दाबानं टोपी निघते. आणि पुढे झालं उलटंच. इंग्रजाची तऱ्हा अमेरिकेनं उचलली, अमेरिकनाची युरोपनं. म्हणून घरी काडतुसं भरण्याचा छंद आजही अमेरिकेत जोरात आहे. सळईचं काम सोपं असतं ना.

आमचे आजोबा, नाना, बारा बोअरची पितळी काडतुसं भरत. विलायती माल मुंबईमार्गे यायचा, महाग पडायचा, लढाईच्या वर्षांत तर मिळेना. कागदी काडतूस पावसाळ्यात फुगून नळीत जात नसे. पितळी तेच पुन्हा पुन्हा चाले. त्या काळी शिकारी घरांत हे सर्रास चालायचं. मागच्या चौकातली माडीखालची खोली, तिथं एक साधं शिसवी टेबल. टेबलाच्या फळीला भोक, भोकाखाली सायकलच्या ट्यूबचा हातभर तुकडा घट्ट बांधलेला, आणि त्याचं दुसरं टोक डालड्याच्या डब्याच्या झाकणात. काडतूस भोकावर उभं करायचं, सळई घालायची, लाकडी हातोडीचा ठोका. टोपी ट्यूबमधून घरंगळत डब्यात. टण्ण असा आवाज मला अजून आठवतो. जमिनीवर एकही पडायची नाही.

परवा चुलतभावाच्या मुलानं अमेरिकेतल्या काडतुसं भरायच्या यंत्राचा व्हिडिओ दाखवला. त्यातही खाली प्लॅस्टिकची नळी, नळीखाली बाटली. म्हटलं, हे तर नानांचंच टेबल!

एवढा बंदोबस्त कशासाठी, ते आम्हाला पोरवयात कळत नसे. उडालेली टोपी म्हणजे मेलेली वस्तू. इतर घरांत मुली त्या भातुकलीला घेत, वाटी म्हणून. आमच्याकडे मात्र डब्याला कुलूप, आणि शेजारी एक वही. वहीत नानांच्या बाळबोध अक्षरात फक्त आकडे: तारीख, काडतुसं किती, टोप्या काढल्या किती, डब्यात किती, नव्या घेतल्या किती, बसवल्या किती, उरल्या किती. दफ्तरात नोकरी केलेला माणूस, हिशेब चोख. एका ओळीत 'उरल्या' खाली १७ खोडून १६ केलंय आणि पुढे लिहिलंय, 'सापडेपर्यंत खोली बंद.' दोन दिवसांनंतरच्या तारखेला: 'सापडली. दाराच्या खाचेत.'

ही वही सुरू होते जानेवारी १९५१ला. त्याआधीची एकही नाही, आणि नाना काडतुसं भरायला लागले त्याच्या कितीतरी आधी. कारण वहीत नाही. ते आक्काआत्याच्या डाव्या डोळ्यात होतं.

१९५०ची दिवाळी. पोरं चौकात दगडानं टिकल्या फोडत होती. टिकल्या संपल्या. आक्का सात वर्षांची; तिला खोलीच्या उंबऱ्यापाशी एक टोपी सापडली, खोलगट खुणेची. म्हणजे उडालेलीच असणार, असं कुणालाही वाटेल. पण ठोका बसूनही न पेटलेली टोपीसुद्धा तशीच दिसते. खूण असते आणि मसाला जिवंत असतो. दगड मारल्यावर पत्र्याचा कपचा डोळ्यात गेला. दवाखान्यात नेलं, डोळा राहिला नाही. आत्यानं पुढे एम.ए. केलं, शाळेत शिकवलं, सगळं केलं. हा प्रसंग ती टिकलीच्या गोष्टीसारखा हसत सांगायची. नाना उठून जायचे.

तेव्हा ट्यूब, डबा आणि वही हे सगळं त्या जानेवारीतलं. डब्यात काय पडतंय याहून जमिनीवर काय राहिलंय, हा त्यांचा प्रश्न होता.

दुसरी एक गोष्ट त्या खोलीत होती, जी नानांनाही ठाऊक नव्हती. जुन्या टोप्यांच्या मसाल्यात पारा असायचा. साध्या काळ्या दारूत तो राखेबरोबर धुवून निघे. बिनधुराची दारू आल्यावर तो पितळेत मुरून काडतूस ठिसूळ करू लागला, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पारा मागे पडू लागला. त्याच्या जागी आलेल्या मसाल्यातून नळीत मीठ जमायचं, आणि मीठ दमट हवा ओढून लोखंड गंजवतं. शिकारीहून आल्यावर नळीत उकळतं पाणी ओतायची चाल त्यातली. तेलात मीठ विरघळत नाही. मग १९२०च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत न गंजवणारा मसाला निघाला आणि बंदूकवाले खूश झाले. त्यात मात्र शिशाचं क्षार. उडालेल्या टोपीत जी काळी काजळी उरते तिच्यात शिसं असतं. टोपी उचकटताना ती भुकटी टेबलावर, हातांवर, जमिनीवर सांडते. झाडूनं लोटली की हवेत. रांगतं मूल जमिनीवरचा हात तोंडात घालतं. लहान मुलांच्या रक्तात शिसं किती चालेल, तर चालेल असं प्रमाणच नाही, हे आता जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आमच्या घरात यावर उपाय केला तो माईंच्या सोवळ्यानं. शिकारीचं ते सगळं ओवळं. त्या खोलीत झाडू लावायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि फडकं तिथंच ठेवायचं. नानांनी मागच्या नळावर साबणानं हात धुवून, धोतर बदलूनच स्वयंपाकघराकडे यायचं. तिथं चहासुद्धा जायचा नाही. सोवळ्याओवळ्यापायी आमच्या बायकांनी खूप सोसलं, त्याचं कौतुक मी करणार नाही. पण हा एक नियम कामाचा निघाला, शिशाचं नावही न ऐकता.

१९७२चा वन्यजीव कायदा आला, शिकार संपली, टेबल माळ्यावर गेलं. २०१९च्या दुरुस्तीनं एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं झालं, तेव्हा चुलतभावानं एक बंदूक जमा करायची म्हणून दुछत्तीतला अटाला काढला. डबा निघाला, अर्ध्याच्या वर भरलेला. कुणीतरी म्हणालं, भंगारवाल्याला देऊ, पितळेचा भाव आहे. नशीब, वही सोबत होती. तिच्यात सात ठिकाणी लिहिलंय: 'दगा दिलेली, डब्यात.' म्हणजे त्या ढिगात सात टोप्या जिवंत असू शकत होत्या. भावानं डबा हलवला नाही, ठाण्यात कळवलं, परवानाधारक दुकानदाराला बोलावलं आणि रीतसर कागद करून तो घराबाहेर काढला.

तुमच्याही माळ्यावर असं काही असेल. शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भाग आणि ती बनवायचं यंत्रही 'दारूगोळा' यातच मोडतात, आजोबांची आठवण म्हणून बिनपरवाना ठेवता येत नाही. तेलात किंवा पाण्यात बुडवून टोपी मेली असं धरू नका. डबा आहे तिथंच ठेवा, पोरांना लांब ठेवा आणि ठाण्यात कळवा.

वही माझ्याकडे आहे. शेवटची नोंद मार्च १९७१ची: काढल्या ९, डब्यात ९.