सत्तर लाख ग्रंथांची दुसरी प्रत

ग्रंथाची नक्कल करणे ही काही नवी विद्या नव्हे. आपल्याकडे पोथ्या उतरून घेतल्या जात, बासनांत बांधून जपल्या जात. आणि केलेली नक्कल कोणाच्या घरी राहावयाची, हा प्रश्न तेव्हाही होताच. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयाची हकीगत आम्ही त्याच प्रश्नासाठी श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

या ग्रंथालयात सुमारे सत्तर लाख ग्रंथ होते. त्यांचे पानन् पान यंत्राने टिपून संगणकात साठवावयाचे, तर चालू गतीने हजार वर्षे लागतील, असा हिशेब २००२ च्या सुमारास सांगितला जात असे. याच विद्यापीठात शिकलेले, गूगलचे एक संस्थापक लॅरी पेज यांनी अध्यक्षा मेरी सू कोलमन यांना सांगितले की, हे काम सहा वर्षांत होऊ शकेल. डिसेंबर २००४ मध्ये ही योजना जाहीर झाली. ग्रंथ विद्यापीठाचे, यंत्रे कंपनीची. मात्र प्रत्येक ग्रंथाची एक संगणकीय प्रत विद्यापीठासही मिळावी, असे करारात ठरले होते.

पुढचा इतिहास या कलमाने घडविला. २००८ मध्ये मिशिगन व इतर विद्यापीठांनी आपल्या प्रती एकत्र आणून ‘हाथीट्रस्ट’ हे सामाईक भांडार उभारले. हत्ती विसरत नाही, म्हणून हे आपल्याकडचे नाव! २०११ मध्ये लेखकांच्या संघटनेने दावा लावला. शब्द शोधण्यासाठी आणि अंध वाचकांसाठी अशा प्रती वापरणे न्याय्य आहे, असे अपील न्यायालयाने २०१४ मध्ये ठरविले. २०२० च्या साथीत ग्रंथालयांना कुलपे लागली, तेव्हा याच प्रती सभासद विद्यापीठांच्या वाचकांच्या उपयोगी पडल्या.

यात आपलाही धागा आहे. पी.एल. ४८० च्या गव्हाचे जे रुपये भारतात साठले, त्यांतून १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके खरेदी होऊन अमेरिकेतील विद्यापीठांकडे जाऊ लागली. त्यांत मराठीही होती. गहू आपण खाऊन संपविला; पुस्तके तेथे टिकली. हाथीट्रस्टमध्ये आज मराठी ग्रंथही आहेत; पण स्वामित्वहक्क असेल तेथे नुसता शब्द सापडतो, पान उघडत नाही.

आपल्या गावोगावच्या जुन्या वाचनालयांची कपाटेही उद्या कोणी यंत्रापुढे मांडील. त्या दिवशी खर्च कोण करणार, हे आपण विचारूच. पण दुसरी प्रत आपल्याकडे राहील ना, हे त्याआधी विचारावे, एवढेच आमचे सांगणे आहे.