जुन्या मोटारीचे ढिले पेडल : आधी निदान, मग दुरुस्ती

जुन्या मोटारीचा रंग उडाला तर तिची शोभा कमी होते. पेडल ढिले झाले तर बसणाऱ्यांचा जीवच धोक्यात येतो. तरीही ‘गाडी जुनी आहे, एवढे चालायचेच’ असे म्हणून या दोषाकडे अनेकदा दुर्लक्ष केले जाते. ढिलेपणाची कारणे मात्र एकसारखी नसतात. काही दोष झिजलेला बुश बदलताच दूर होतात. काहींमध्ये गाडी जागची हलवणेही धोक्याचे असते. हा फरक ओळखणे हीच दुरुस्तीची पहिली पायरी होय.

गिरगावातील खोताची वाडीसारख्या जुन्या वस्तीत हा प्रश्न अधिक अडचणीचा ठरतो. वाडीतील गल्ल्या अरुंद आहेत. लाकडी सज्जांच्या घरांसमोर मोटार उभी करून निवांत काम करावे, अशी जागा क्वचितच मिळते. साहजिकच गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेण्याचा मोह होतो. ब्रेकचे पेडल ढिले असल्यास तो टाळून गाडी टोइंग व्हॅनवर चढवून न्यावी.

पेडल ढिले का होते?

पेडल एका आडव्या दांड्यावर फिरते. दांडा आणि पेडल यांच्यामध्ये बुश, म्हणजे धातूची नळीसारखी चकती, बसवलेली असते. पेडलचा जोर पुढे पोहोचवणारी सळई पिनने जोडलेली असते आणि ती पिन निसटू नये म्हणून कॉटर पिन घातलेली असते. वर्षानुवर्षांच्या वापराने बुश झिजतो आणि पिनचे गोल छिद्र लांबट होते. मुंबईची खारी दमट हवा आणि पावसाळ्यात तुंबलेले पाणी ही झीज वाढवतात. अनेक जुन्या गाड्यांत पेडलचा दांडा फरशीच्या पत्र्याखाली असतो. तेथील ग्रीस पाण्याने धुऊन जाते आणि गंज धरतो.

गाडी कोणत्या काळातील आहे, हेही पाहावे लागते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली. त्या काळातील शेवरलेचे ब्रेक यांत्रिक होते. हायड्रॉलिक ब्रेक या कंपनीने १९३६ च्या मॉडेलपासून दिले, तर फोर्डने १९३९ पासून. यांत्रिक ब्रेकमध्ये पेडलपासून चाकापर्यंत सळया, केबल आणि पिनांची साखळीच असते. प्रत्येक सांध्यातील थोडी थोडी झीज एकत्र येऊन पेडल खोल जाते. अशा गाडीत केवळ पेडलचा बुश बदलून भागत नाही. प्रत्येक सांधा तपासावा लागतो.

मुंबईकरांच्या परिचयाची फियाट ११०० आणि तिचीच पुढची आवृत्ती असलेली प्रीमियर पद्मिनी यांत चारही चाकांना हायड्रॉलिक ड्रम ब्रेक आहेत. तेथे दोष सांध्यात असू शकतो, तसाच तेलाच्या मार्गातही.

निदान कसे करावे?

इंजिन बंद ठेवून, चाकांना उटी लावून पुढील तपासणी करावी.

१. पेडल हाताने डावीकडे-उजवीकडे हलवावे. ते डुलत असेल तर बुश किंवा दांडा झिजलेला आहे.

२. पेडल हलकेच खाली दाबावे. सुरुवातीला विरोधाशिवाय होणाऱ्या हालचालीला मेकॅनिक ‘प्ले’ म्हणतात. तो मर्यादेबाहेर असेल तर पिन, तिचे छिद्र किंवा सळईचे ॲडजस्टमेंट पाहावे.

३. हायड्रॉलिक ब्रेकचे पेडल स्पंजसारखे मऊ लागत असेल तर तेलात हवा शिरली असण्याची शक्यता मोठी असते.

४. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल वर येत असेल तर ब्रेक शू आणि ड्रम यांतील अंतर वाढलेले असू शकते, किंवा तेलात हवा असू शकते.

५. पाय दाबून ठेवला असता पेडल हळूहळू खाली बसत असेल तर मास्टर सिलिंडरचे रबर निकामी झाले आहे किंवा कोठे तरी तेल गळते आहे. चाकांच्या आतल्या बाजूस ओल दिसते का, हे पाहावे.

शेवटच्या तीन प्रकारांत दोष दूर होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये. ॲक्सिलरेटरचे पेडल सोडल्यावर पूर्ण वर येत नसेल तर तेही तितकेच धोक्याचे आहे. त्याची परतीची स्प्रिंग बदलावी आणि सळई कोठे अडकते का, ते पाहावे.

दुरुस्तीचा क्रम

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची एक तार काढावी. गाडी उचलल्यास ती केवळ जॅकवर ठेवून खाली शिरू नये. पक्के स्टँड लावावेत. भाग सुटे करताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे, म्हणजे वॉशर आणि स्प्रिंग उलटसुलट बसत नाहीत. आधी परतीची स्प्रिंग, मग कॉटर पिन, सळईची पिन आणि शेवटी दांडा काढावा.

दांड्याची जाडी व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी मोजावी. तो सर्वत्र सारखा असेल तर नवा बुश पुरतो. खाच पडली असेल तर दांडाही नवा करावा. तयार बुश न मिळाल्यास लेथवर गनमेटलचा बुश कातून घेता येतो. तो पेडलमध्ये घट्ट दाबून बसवावा आणि दांड्याच्या मापाने रीमर फिरवावा. ग्रीससाठीचे छिद्र मात्र विसरू नये. पिनचे छिद्र लांबट झाले असल्यास ते किंचित मोठे व गोल करून त्या मापाची जाड पिन घालता येते. ओतीव लोखंडाच्या पेडलवर वेल्डिंगचा प्रयोग करू नये. त्याला तडा जाऊ शकतो. जुनी कॉटर पिन सरळ करून पुन्हा वापरू नये. पेडल निखळण्यापासून वाचवणारी हीच वस्तू आहे आणि ती सर्वांत स्वस्त आहे.

पेडल बसवल्यावर प्ले पूर्ण काढून टाकणे ही नेहमी घडणारी चूक आहे. प्ले अजिबात नसेल तर ब्रेक पूर्ण सुटत नाहीत आणि ड्रम तापतात. काही मिलिमीटरचा प्ले लागतोच. नेमके माप त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. त्यानंतर उभ्या गाडीत पेडलवर पूर्ण जोर देऊन पाहावे. मग मोकळ्या, सपाट जागेत अगदी मंद गतीने चाचणी घ्यावी. पहिल्याच फेरीला मलबार हिलचा उतार गाठू नये.

सुटे भाग आणि नियम

खोताच्या वाडीपासून जवळच, ऑपेरा हाऊस परिसरात मोटारींच्या सुट्या भागांचा जुना बाजार आहे. चोर बाजार आणि कुर्ल्याचा भंगार बाजार हेही जुन्या गाड्यांच्या मालकांचे परिचित ठिकाण. मात्र ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या आणि त्यांच्यामुळे सुट्या भागांना असणारी रोजची मागणी संपली. जुना भाग घेताना एक पथ्य पाळावे : लोखंड जुने चालेल, रबर नवेच हवे. वर्षानुवर्षे डब्यात पडून असलेले रबर कडक होते आणि बसवल्यावर काही दिवसांतच दगा देते.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी व मोटारींची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. झिजलेला बुश किंवा पिन बदलणे हा असा फेरफार नव्हे. त्यामुळे मूळपणा जपण्याच्या नावाखाली झिजलेले भाग तसेच ठेवण्याचे कारण नाही. काढलेला मूळ भाग हवा तर कपाटात जपून ठेवावा. पायाखाली मात्र भरवशाचाच असावा.