ग्रामनाम, नकाशा आणि परवाना : वडगाव निंबाळकरच्या निमित्ताने

पुणे जिल्ह्यात वडगाव ह्या नावाची गावे अनेक आहेत. मावळात एक वडगाव आहे. पुणे शहराच्या कक्षेत आलेली वडगाव शेरी व वडगाव बुद्रुक ही आहेत. शिरूर तालुक्यात वडगाव रासाई, आंबेगाव तालुक्यात वडगाव काशिंबेग आणि बारामती तालुक्यात, नीरेच्या खोऱ्यात, वडगाव निंबाळकर आहे. ह्या सर्व नावांत पूर्वपद समान असून भेद दाखविण्याचे कार्य उत्तरपद करते. निंबाळकर हे उत्तरपद आडनाव होय, आणि ते आडनाव फलटणजवळील निंबळक ह्या गावावरून पडलेले आहे. म्हणजे एका ग्रामनामात आडनाव आणि त्या आडनावात पुन्हा दुसरे ग्रामनाम अशी ही रचना आहे. नावावरून जागा निश्चित करण्याची ही आपल्या प्रदेशातील जुनी रीत होय.

आज हेच कार्य संगणकाधिष्ठित नकाशासेवा करतात व त्यास जिओकोडिंग अशी संज्ञा आहे. सेवेस नाव पुरवावे आणि तिच्याकडून अक्षांश-रेखांश घ्यावेत, असा हा व्यवहार आहे. तो कोणत्या अटींवर चालतो, आणि त्या अटींमागील परंपरा कोणती, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे. इंदापूर-बारामतीचा प्रदेश ह्या विचारास विशेष उपयुक्त ठरतो. कारण मुंबई इलाख्यात स्थिरावलेल्या शेतवार मोजणीचा पाया ह्याच भागात घातला गेला.

इंग्रजी अमलापूर्वी शेताची ओळख थळाच्या नावावरून व चतुःसीमेवरून पटत असे. पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचे वावर, दक्षिणेस वाट, अशा वर्णनाने जमीन निश्चित होई. थळझाड्यासारखे कागद कुलकर्ण्याच्या दप्तरात असत व ते दप्तर बहुधा त्याच्या घरीच राही. माहिती होती, परंतु तिच्यापर्यंत पोचण्याची वाट एका वतनदाराच्या उंबरठ्यावरून जात होती.

प्रिंगल ह्या मुलकी अधिकाऱ्याने १८२७ च्या सुमारास पुणे प्रांतात मोजणी आरंभिली. मोजमापातील दोष आणि न पेलणारी आकारणी ह्यांमुळे तिचा लवकरच बोजवारा उडाला. त्यानंतर १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम हाती घेतले आणि १८३६ मध्ये तेथे तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी लागू झाली. तेहतीस फुटी साखळी, तिच्या वर्गाएवढा एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर, ह्या मापाने प्रत्येक शेतास क्षेत्र व क्रमांक मिळाला. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ह्या पद्धतीस शिस्तबद्ध रूप दिले. भीमथडी तालुक्यातही, म्हणजे आजच्या बारामतीच्या परिसरात, ती इंदापुरानंतर लवकरच आली. थळनामाची जागा सर्व्हे नंबराने घेतली. पुढे १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानंतर त्या नंबराची जागा गटनंबराने घेतली. ‘मौजे वडगाव निंबाळकर, तालुका बारामती, जिल्हा पुणे’ ही ओळ व तिच्यापुढील गटनंबर, एवढ्यावर जमिनीचा कोणताही तुकडा निश्चित करता येतो. यंत्राच्या आधी शंभराहून अधिक वर्षे प्रचारात असलेले हे जिओकोडिंगच म्हटले पाहिजे.

हा नकाशा सारावसुलीसाठी निघाला, रयतेच्या सोयीसाठी नव्हे. तथापि त्याच्याशी निगडित झालेला एक नियम लक्षणीय आहे. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने आणि त्यानंतर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने नकाशे व भूमिअभिलेख लोकांस पाहण्यास खुले ठेवले, आणि ठरीव फी भरल्यास त्यांची प्रमाणित नक्कल देण्याची तरतूद केली. नक्कल मिळण्यास हेलपाटे पडत, ही गोष्ट निराळी. परंतु एकदा मिळालेली नक्कल शेतकऱ्याच्या पेटीत कायमची राही. अमुक दिवसांनी ती नष्ट करावी अशी अट तिच्यावर नव्हती. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यासाठी १५ रुपये शुल्क ठेवण्यात आले, तेही ह्याच परंपरेस धरून होते.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलवर्णनात्मक नकाशांचा इतिहास याहून वेगळा आहे. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या ह्या विभागाचे कार्य आरंभापासून लष्करी गरजेशी जोडलेले होते, आणि स्वातंत्र्यानंतरही सीमाभाग व किनारपट्टी ह्यांच्या नकाशांवर कडक निर्बंध राहिले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक व सर्वांसाठी एक अशा दोन स्वतंत्र मालिका निर्माण केल्या. २०१७ मध्ये विभागाने खुल्या मालिकेतील नकाशे संकेतस्थळावरून विनामूल्य देऊ केले. परंतु तेथेही आधार क्रमांकाची अट आणि दिवसाला तीन पत्रकांची मर्यादा होती. २०१६ मध्ये भूस्थानिक माहितीवर परवान्याची सक्ती व १०० कोटी रुपयांपर्यंत दंड सुचविणारे विधेयक मसुद्याच्या रूपात पुढे आले. त्याचा कायदा झाला नाही. उलट १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती व संस्था ह्यांना पूर्वपरवानगीवाचून माहिती गोळा करण्याची व प्रसिद्ध करण्याची मोकळीक दिली. आडव्या दिशेने एक मीटर व उभ्या दिशेने तीन मीटर ह्यांहून सूक्ष्म माहितीची निर्मिती मात्र भारतीय संस्थांपुरती राखून ठेवली.

ह्याच काळात खाजगी नकाशासेवांचा उदय झाला. गूगलचा नकाशा फेब्रुवारी २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी इतरांच्या संगणकांना त्याच्याकडे थेट विचारणा करण्याची वाट, म्हणजे एपीआय, खुली झाली. आरंभी ही सेवा बव्हंशी मुक्तहस्ताने मिळत होती. २०११ च्या अखेरीस दिवसाला २५,००० नकाशांची मर्यादा जाहीर झाली. जिओकोडिंगसाठी दिवसाला २,५०० विचारणांची मर्यादा दीर्घकाळ राहिली. जुलै २०१८ पासून देयकखाते अनिवार्य झाले, जिओकोडिंगचा दर हजारी ५ डॉलर ठरला आणि महिन्याला २०० डॉलरांची सूट देण्यात आली. १ ऑगस्ट २०२४ पासून भारतासाठी स्वतंत्र व स्वस्त दरपत्रक आले. मार्च २०२५ मध्ये २०० डॉलरांची सूट संपून तिच्या जागी प्रत्येक सेवेस वेगळा विनामूल्य कोटा आला. जागतिक दरपत्रकात मूलभूत वर्गाच्या सेवांसाठी तो महिन्याला १०,००० विचारणा असा ठरला. जमाबंदीचा दर तीस वर्षांसाठी बांधलेला होता. येथील दर व अटी एका पक्षाच्या घोषणेने बदलत गेल्या.

मर्यादेचा अडथळा नेमका कोठे आहे हे पाहण्यासाठी एक हिशेब मांडता येतो. पुणे जिल्ह्यात सुमारे १,९०० गावे आहेत. मराठी ग्रामनाम यंत्रास एकदा सांगून भागत नाही. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या कागदांत ‘वडगांव’ असे सानुस्वार रूप आढळते, नंतरच्या कागदांत ‘वडगाव’. रोमन लिपीत तेच नाव कोणी व्ही ह्या अक्षराने आरंभितो, कोणी डब्ल्यू ह्या अक्षराने. आकारणी गावागणिक नव्हे, विचारणेगणिक होते; म्हणून भाषेतील प्रत्येक लेखनभेद मोजणीत वेगळा धरला जातो. प्रत्येक नावाची चार रूपे धरली तरी ७,६०० विचारणा होतात, आणि त्या १०,००० च्या आत बसतात. ओपनस्ट्रीटमॅपची नॉमिनॅटिम ही सार्वजनिक सेवा सेकंदाला एकाहून अधिक विचारणा करू देत नाही. तीवरही हे काम दोन तासांच्या थोडे पुढे जाईल. अर्थात ग्रामनामांच्या अभ्यासकास खरी अडचण संख्येची नाही.

अडचण संग्रहाची आहे. गूगलच्या अटींनुसार जिओकोडिंगने मिळालेले अक्षांश-रेखांश तीस दिवसांपलीकडे साठविता येत नाहीत आणि ते अन्य नकाशावर दाखविताही येत नाहीत. केवळ स्थळाचा सांकेतिक क्रमांक जतन करण्यास मुभा आहे. म्हणजे जिल्ह्यातील सर्व वडगावांची सूची करून त्यांच्या उत्तरपदांचा भौगोलिक विस्तार दाखविणारा नकाशा एखाद्या विद्यार्थ्याने ह्या आधारावर सिद्ध केल्यास, तो प्रबंध परीक्षकाच्या हाती पडण्यापूर्वीच त्याच्या सामग्रीची मुदत संपलेली असेल. जी सामग्री दुसऱ्या संशोधकास पडताळून पाहता येत नाही ती संशोधनाचा पाया होऊ शकत नाही.

ओपनस्ट्रीटमॅपची स्थापना २००४ मध्ये इंग्लंडात झाली ती तेथील सरकारी नकाशांच्या जाचक परवान्यांना पर्याय म्हणून. सप्टेंबर २०१२ पासून तिची माहिती मुक्त विदागार परवान्याखाली आहे. तीनुसार माहिती उतरवून घेणे, कायम ठेवणे, सुधारणे व वाटणे ह्या सर्व गोष्टींस मुभा आहे. मात्र मूळ स्रोताचा निर्देश करावा लागतो आणि त्या माहितीवरून तयार केलेले विदागार सार्वजनिक उपयोगात आणल्यास ते त्याच परवान्याखाली खुले करावे लागते. ह्या व्यवस्थेची उणीव अशी की, तिच्यातील ग्रामनामे स्वयंसेवकांनी भरलेली आहेत. जेथे स्थानिक जाणकार पुढे आला नाही तेथे नाव अपुरे वा अशुद्ध राहण्याचा संभव आहे. ही उणीव भरून काढणे मात्र अभ्यासकाच्याच हातातले आहे.

ह्या विवेचनातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. ग्रामनामांची कोणतीही सूची सिद्ध करताना प्रत्येक नोंदीसमोर स्थाननिर्देशाचा स्रोत, तो घेतल्याची तारीख व त्यावरील परवाना हे तीन रकाने असलेच पाहिजेत; आणि ज्याची नक्कल कायम ठेवता येते असा स्रोतच मूलाधार म्हणून स्वीकारावा. इंदापुरातील मोजणीदाराने साखळी टाकली ती सरकारसाठी. तरीही त्याच्या नकाशाची नक्कल घेण्याचा व ती जवळ बाळगण्याचा हक्क पुढे कायद्याने रयतेस मिळाला. वडगाव निंबाळकर हे नाव त्या गावच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरून टिकविले आहे. त्याची जागा सांगणारे दोन आकडे जतन करण्याचा हक्क त्याहून कमी असावा, ह्यास इतिहासात आधार सापडत नाही.