उचल, दादन आणि एक निरंक अहवाल

लखनौच्या जानकीपुरम वसाहतीत आमच्या घरासमोर एक तिमजली इमारत उभी राहत आहे. कामावरची कुटुंबे छत्तीसगडची. त्यांतल्या एकाला सहज विचारले, होळीला गावी जाणार ना? तो म्हणाला, "हिसाब हो जाए, तब." हा 'हिसाब' प्रशासनाच्या इतिहासात फार जुना आहे.

मजुराला अगाऊ रक्कम द्यायची आणि ती फिटेपर्यंत त्याला बांधून ठेवायचे, ही रीत देशभर आढळते. आपल्याकडे ऊसतोडीत तिला 'उचल' म्हणतात. ओरिसात 'दादन' म्हणत. फारसीत दादन म्हणजे देणे. इंग्रजी राजवटीत कायदा देणाऱ्याच्या बाजूने होता. १८५९ च्या तेराव्या कायद्यानुसार, उचल घेऊन काम न करणाऱ्या मजुराला दंडाधिकारी पैसे परत करण्याचा किंवा काम पुरे करण्याचा हुकूम देई. तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी होई. दिवाणी स्वरूपाच्या कराराला फौजदारी शिक्षा जोडणारा हा कायदा रद्द करणारा अधिनियम १९२५ साली झाला.

स्वातंत्र्यानंतर या विषयावर स्वतंत्र कायदा करण्यात पुढाकार घेतला तो ओरिसा राज्याने, १९७५ मध्ये. तेथील सरदार किंवा खातादार गावोगाव मजूर गोळा करून परराज्यांतील मोठ्या बांधकामांवर नेत. दरमहा हिशेब चुकता करू, असे वचन देत; पुढे कामाचे तास ठरलेले नसत, सुट्टीही नसे. परंतु मजूर ओरिसाचा, कामाची जागा दुसऱ्या राज्यात. तेथे राज्याच्या कायद्याचा हात कसा पोहोचणार? १९७६ च्या कामगारमंत्र्यांच्या परिषदेत हा प्रश्न चर्चिला गेला, समिती नेमली गेली, आणि त्यातून १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम आला. त्याने ओरिसाचा कायदा रद्द करून त्याची जागा घेतली.

या अधिनियमात कंत्राटदाराला परवाना, मजुराला छायाचित्रासह पासबुक, प्रवासखर्च, आणि मासिक वेतनाच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यांपैकी जास्त असेल तो विस्थापन भत्ता, अशा तरतुदी होत्या. पण माझ्या मते त्याचा प्राण कलम १९ मध्ये होता : कामाची मुदत संपताच मजुराकडील उचलीची बाकी संपुष्टात आली असे मानावे. १८५९ मध्ये ज्या बाकीपायी तुरुंग होता, ती बाकीच १२० वर्षांनी कायद्याने पुसली.

कागदावर. अधिनियम २ ऑक्टोबर १९८० रोजी अमलात आला. दिल्लीत मात्र त्याखालील नियम लागू व्हायला ४ जून १९८२ उजाडले. तोवर आशियाई क्रीडास्पर्धांची बांधकामे जोरात चालली होती. त्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे हीदेखील संविधानाच्या अनुच्छेद २३ खालील वेठबिगारीच, असा निर्णय दिला.

इतरांना नावे ठेवण्याआधी स्वतःचे सांगितले पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्यापुढे एक विवरणपत्र आले. 'आंतरराज्य स्थलांतरित कामगार' या रकान्यात लिहिले होते : निरंक. कालव्याच्या कामावर परप्रांतीय मजूर मी डोळ्यांनी पाहिले होते. परंतु कंत्राटदाराने परवाना घेतला नव्हता, म्हणून कार्यालयाच्या लेखी मजूरच नव्हते. मी सही केली. ती सही आजही बोचते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने जुन्या अधिनियमाची जागा घेतली आहे. ठरावीक वेतनमर्यादेत, स्वतःहून आलेला मजूरही आता व्याख्येत बसतो. उचलीची बाकी पुसणारे कलमही टिकले आहे. विस्थापन भत्ता मात्र गेला आणि पाच मजुरांची अट दहांची झाली. बीडहून कोल्हापूरला ऊस तोडायला जाणारे जोडपे राज्याची सीमा ओलांडत नाही, म्हणून तेव्हाही बाहेर होते, आजही आहे.

समोरच्या इमारतीवर मी मजूर मोजले. आठ भरले. जुन्या कायद्यात ते बसले असते, नव्यात बसत नाहीत. तरीही उचलीपोटी माणसाला अडकवून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हाच आहे, आणि तेथे संख्येची अट नाही. आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे स्वतःही स्थलांतरितच. फक्त आपला हिशेब दरमहा बँकेत होतो. ज्यांचा होत नाही, त्यांच्यासाठी माझ्या तरुण सहकाऱ्यांना एवढेच सांगणे आहे : निरंक लिहिण्यापूर्वी रस्ता ओलांडून मोजून यावे.