वार्धक्याचा शोध आणि विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा

मनुष्य वृद्ध का होतो, हा प्रश्न पुरातन आहे. परंतु त्याचा प्रयोगशाळेत पाठपुरावा होऊ लागला तो विसाव्या शतकात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सिस कॅरेल यांनी १९१२ पासून कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयातील पेशी काचपात्रात जोपासल्या. शरीराबाहेर नीट सांभाळलेल्या पेशी अमर असतात, असा समज त्यामुळे रूढ झाला. १९६१ साली फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेतील लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी तो खोडून काढला. माणसाच्या सामान्य पेशी सुमारे पन्नास वेळा विभागतात आणि मग थांबतात, असे त्यांनी दाखविले. पेशीला ही मोजदाद कशी कळते, हे मात्र गूढच राहिले.

या गूढाचा धागा गुणसूत्रांच्या टोकांशी सापडला. या टोकांना टेलोमियर म्हणतात. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, पण अगदी टोकाचा अंश नकलेत उतरत नाही. म्हणून प्रत्येक विभाजनागणिक टोक थोडे झिजते. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जोसेफ गॉल यांनी १९७८ साली टेट्राहायमिना या तळ्यातील एकपेशी जीवाच्या टेलोमियरची रचना उलगडली. सहा अक्षरांचा एकच शब्द तेथे पुनःपुन्हा आलेला होता. आता पुढचा प्रश्न असा, की टोके सतत झिजत असतील, तर या जीवाचा वंश टिकतो कसा? झीज भरून काढणारे एखादे विकर असले पाहिजे. ते शोधण्याचे काम बर्कली येथील ब्लॅकबर्न यांच्या प्रयोगशाळेत १९८४ साली कॅरोल ग्रायडर या तेवीस वर्षांच्या विद्यार्थिनीने अंगावर घेतले.

ही विद्यार्थिनी तेथवर पोहोचली, ती केवळ गुणांच्या बळावर नव्हे. अक्षरे आणि शब्द ओळखताना येणारी डिस्लेक्सिया नावाची अडचण तिला लहानपणापासून होती. शाळेत शुद्धलेखन साधत नसे, आणि आपण मंदबुद्धी आहोत असे तिला वाटू लागले होते. सँटा बार्बरा येथील विद्यापीठात ती पदवीसाठी दाखल झाली, तेव्हा बिॲट्रिस स्वीनी या विदुषीने तिला आरंभीच आपल्या प्रयोगशाळेत घेतले. पुढे दुसऱ्या एका प्रयोगशाळेत पेशीतील सूक्ष्मनलिकांवर काम करताना तिला संशोधनाची खरी गोडी लागली. पदवीनंतरच्या प्रवेशपरीक्षेत मात्र तिला गुण कमी पडले, आणि बहुतेक विद्यापीठांनी तिला दार बंद केले. तिचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि त्याविषयी गुरुजनांनी दिलेली ग्वाही जेथे विचारात घेतली गेली, त्या दोनच ठिकाणांहून तिला बोलावणे आले. त्यांपैकी एक बर्कली होते.

बर्कलीत तिने टेट्राहायमिनाच्या पेशींचा अर्क काढून त्यात डीएनएचे कृत्रिम तुकडे घातले आणि ते लांबतात का, हे किरणोत्सर्गी खुणांच्या साहाय्याने तपासले. अनेक प्रयोग निष्फळ गेले. २५ डिसेंबर १९८४ रोजी, नाताळच्या सुटीत, तिने प्रयोगशाळेत येऊन फिल्म पाहिली. तिच्यावर सहा-सहा अक्षरांच्या अंतराने पायऱ्या उमटल्या होत्या. विकर सापडले होते. पुढे त्यास टेलोमरेझ हे नाव मिळाले.

या शोधाचा वार्धक्याशी असलेला संबंध १९९० साली स्पष्ट झाला. काचपात्रातील मानवी पेशी जसजशा विभागत जातात, तसतशी त्यांची टेलोमियर आखूड होतात, असे कॅल्व्हिन हार्ली, ब्रूस फुचर आणि ग्रायडर यांनी दाखविले. १९९८ साली तर टेलोमरेझ पुरविलेल्या मानवी पेशी हेफ्लिक यांची मर्यादा ओलांडून विभागत राहिल्या. तथापि हा अमृतकुंभ नव्हे. बहुसंख्य कर्करोगांच्या पेशी याच विकराच्या आधारे बेसुमार वाढतात. आणि ज्यांची टेलोमियर माणसाहून लांब असतात ते प्रयोगशाळेतील उंदीर दोन-तीन वर्षांतच मरतात. वार्धक्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक उमगले, इतकेच म्हणणे रास्त. या कार्यासाठी ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि जॅक झोस्टॅक यांना २००९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पदवीपूर्व विद्यार्थ्यास प्रयोगशाळेत घेण्याची रीतसर योजना मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ साली सुरू केली. पुढे अनेक विद्यापीठांत ही रीत रुजली. अशा विद्यार्थ्याच्या वाट्याला प्रथम येते ते द्रावणे बनविणे, पेशींना पोषण देणे, नोंदी ठेवणे यांसारखे नीरस काम. परंतु फसलेल्या प्रयोगाने खचून न जाता तो दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडण्याची चिकाटी कोणात आहे, हे तेथेच कळते. तीन तासांच्या उत्तरपत्रिकेत हा गुण दिसत नाही. ग्रायडर यांची पारख केवळ उत्तरपत्रिकेवरून झाली असती, तर बर्कलीचे दारही त्यांना बंदच राहिले असते. विद्यापीठांनी आपल्या प्रयोगशाळा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला का उघड्या ठेवाव्यात, याचे याहून सबळ कारण शोधावे लागत नाही.